सेटवरची आई

मालिकेतली आई पहिल्या भागाच्या आधीच मेलेली होती, त्यामुळे तिच्यासाठी कुणी नटी घ्यायची गरज नव्हती. हवा होता फक्त एक फोटो.

कडोदऱ्याच्या रस्त्याला, बंद पडलेल्या एका यंत्रमाग कारखान्याच्या शेडमध्ये त्या गुजराती मालिकेचा सेट उभा राहिला होता. पत्र्याच्या उंच छपराखाली प्लायवूडचं एक मोठं घर होतं. त्याला दिवाणखाना होता, देवघर होतं, आणि वर कुठेच न जाणारा एक जिना होता. माग हलवल्यावर फरशीत राहिलेली बोल्टांची भोकं सिमेंटने बुजवली होती, तरी हवा दमट झाली की जमिनीतून यंत्राच्या तेलाचा वास यायचाच. मंगलाबाई तिथे कपडेपट सांभाळत. साड्यांना इस्त्री करणं, नट्यांचे ब्लाउज उसवून पुन्हा बेतणं, शॉटच्या आधी पदराच्या निऱ्या बसवणं, हे त्यांचं काम. वीस वर्षं त्यांनी गोडादऱ्याच्या घरी बसून रिंगरोडच्या व्यापाऱ्यांच्या साड्यांना फॉल लावले होते, टिकल्या भरल्या होत्या, आणि नवरा रघुनाथ गेल्यावर, घरात एकटं बसून सुई ओढवेना तेव्हा, ओळखीच्या एका बाईमार्फत त्या या कामाला लागल्या होत्या. माणसांच्या गलबल्यात त्यांना बरं वाटे.

फोटोची गोष्ट भाईदासने काढली. सेटची सजावट तो बघत असे आणि मंगलाबाईंसारखाच मूळचा अमळनेरकडचा, त्यामुळे त्यांच्याशी तो अहिराणीतच बोलायचा.

"तुना फोटो दे ना, बहीण. काय बिघडस त्यामा?"

"मना फोटो? मी जित्ती शे आजून," मंगलाबाई हातातल्या ब्लाउजवरून नजर न काढता म्हणाल्या.

"म्हनीसनच तर मांगस. जितं मानूसले हार घाला तर त्यानं आयुष्य वाढस म्हंतस."

त्यांनी थोडे आढेवेढे घेतले, मग दिला. सेटवरच्याच एका खिडकीपाशी, कपड्यांच्या पेटीतली मोतिया रंगाची साडी नेसून त्या बसल्या आणि दिग्दर्शकाची मदतनीस किरण हिने फोटो काढला. उधन्याच्या स्टुडिओतून तो मोठा होऊन आला, त्याला सोनेरी चौकट बसली, चंदनाच्या चिपांचा हार पडला आणि दिवाणखान्याच्या मधल्या भिंतीवर तो लागला. पहिल्या दिवशी मुलीचं काम करणारी नटी त्या फोटोसमोर उभी राहून रडली, तेव्हा मंगलाबाई कॅमेऱ्याच्या मागे हातात टाचण्या घेऊन उभ्या होत्या. त्यांना भीती वाटली नाही, वाईटही वाटलं नाही. परक्याच्या घरी बोलावणं नसताना जेवायला बसावं, तसा काहीसा संकोच मात्र वाटला. चार दिवसांत तोही गेला, आणि भिंतीवरच्या घड्याळासारखा तो फोटो सगळ्यांच्या नजरेतून नाहीसा झाला.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात किरणने दुपारच्या पहिल्याच शॉटला काम थांबवलं. कालच्या दृश्यात जे जसं होतं ते आज तसंच आहे की नाही, हे पाहणं तिचं काम होतं, आणि फोटोवर आज चंदनाच्या हाराशेजारी निशिगंधाचा ताजा गजरा होता. काचेवर, कपाळाच्या जागी, कुंकवाचं ओलं बोट उमटलं होतं.

"भाईदासभाई, आ कोणे कर्युं?" तिने विचारलं.

भाईदासने हात वर केले. गजरा काढला गेला, काच पुसली गेली, काम पुढे चालू झालं. पुढच्या आठवड्यात तेच झालं. त्याच्या पुढच्या आठवड्यात गजऱ्याबरोबर खाली, प्लायवूडच्या फळीवर, तिळगुळाचे दोन दाणे कागदात ठेवलेले सापडले. सेटवरची मंडळी हसली, कुणीतरी मंगलाबाईंना म्हणालं की तुमचा कुणी भक्त निघालेला दिसतो, आणि मंगलाबाईही हसल्या. पण काच पुसताना त्यांनी ते कुंकू फडक्यावर नीट पाहिलं. ते बाजारी लाल कुंकू नव्हतं, पिंजर होती. पिंजर त्यांच्या घरात लावत. कुंकवाने अंगावर चट्टे उठायचे म्हणून त्यांच्या लेकीसाठी लहानपणापासून घरात पिंजरच आणली जायची.

फाटकावरचा पहारेकरी मारुती हा जालन्याकडचा. त्यांनी त्याला गाठून विचारलं, तेव्हा तो ओशाळला.

"मीच सोडतो तिला, मावशी. साहेबांना सांगू नका. दुपारी तुम्ही सगळे मागं जेवायला जाता ना, तेव्हा येते. चलथाणहून येते. कडंला एक लहान पोरगी असते. म्हणली, टीव्हीवर पाहिला, माझ्या आईचा फोटो हाय आत, दोन मिनिटं बसते न् जाते. आता आईचं नाव घेतल्यावर कसं अडवावं?"

"तिला सांगितलं नाहीस? की फोटोतली बाई इथंच काम करते म्हणून?"

मारुतीने त्यांच्याकडे निरखून पाहिलं, जणू ही गोष्ट त्याच्या डोक्यात आजच येत होती. "तुमचा हाय व्हय तो?" तो म्हणाला. "असेल. पर मला तुमच्यावानी नाही वाटला कधी."

चलथाण म्हटल्यावर मंगलाबाईंना पुढचं विचारायची गरज उरली नव्हती. चार वर्षांपूर्वी अश्विनीने शुभमशी लग्न केलं. त्याचे आईबाप बीडकडून ऊस तोडायला चलथाणच्या साखर कारखान्यावर आलेले; तो तिथेच कारखान्यात कामाला लागलेला. मुलगा निर्व्यसनी होता, हे मंगलाबाईंना तेव्हाही माहीत होतं. पण आपल्यातला नव्हता, आणि लेकीने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दोघं पाया पडायला गोडादऱ्याला आली, तेव्हा सगळी गल्ली दारात उभी होती. त्या गल्लीसमोर मंगलाबाई मोठ्याने म्हणाल्या होत्या की आजपासून तुझी माय मेली, आणि दार लावून घेतलं होतं. आतून कडी घातल्यावर बराच वेळ त्या कडीला हात लावून उभ्या होत्या. बाहेरून पुन्हा हाक आली असती तर त्यांनी दार उघडलं असतं, असं त्यांना पुढे अनेकदा वाटलं. हाक आली नव्हती. नंतर नात झाल्याचं कानावर आलं. तिचं नाव काय ठेवलं हे कुणी सांगितलं नाही आणि त्यांनीही कुणाला विचारलं नाही.

पुढच्या बुधवारी जेवणाची सुट्टी झाल्यावर त्या मागे गेल्याच नाहीत. दिवे बंद झालेल्या सेटवर, खिडकीच्या खोट्या भिंतीमागे त्या उभ्या राहिल्या. पत्र्याच्या फटींतून ऊन येऊन फरशीवर पट्टे पडले होते. थोड्या वेळाने चपलांचा आवाज आला आणि अश्विनी आत आली. ती वाळली होती. तिने साडीचा पदर कमरेला खोचला, पोरीला फळीवर बसवलं, पिशवीतून गजरा काढून टाचा उंचावून फोटोला घातला, आणि मग खाली मांडी घालून, घरी भाजी निवडताना बोलावं तशा आवाजात बोलू लागली. रडणं नाही, हात जोडणं नाही. पोरीला सुळे येताहेत. गॅस संपला होता. शुभमची पाळी बदलली, आता दिवसा घरी नसतो. हे सगळं ती अहिराणीतून सांगत होती. तिच्या सासरी ती भाषा कुणालाच येत नसणार, हे मंगलाबाईंच्या मनात आलं. तीन पावलं टाकली असती तर त्या लेकीसमोर उभ्या राहिल्या असत्या. त्यांनी एक पाय उचललाही.

"आनि माय, तू परवा सांगं तशे ओवानं पानी दिधं तिले," अश्विनी फोटोला म्हणाली. "ताप लगेच उतरना."

मंगलाबाईंचा पाय तिथेच राहिला.

ओव्याचं पाणी अश्विनीच्या लहानपणी त्या देत असत, हे खरं होतं. पण परवा? परवा सोमवार होता. सोमवारी त्या दिवसभर सेटवर बसून लग्नाच्या दृश्यासाठी बारा जणींच्या ब्लाउजांना लेस लावत होत्या. स्वप्नात आले असेन, त्यांनी स्वतःला समजावलं. माणूस स्वप्नातलंही असंच सांगतो. तेवढ्यात मागच्या बाजूला जनरेटर सुरू झाला, माणसांचे आवाज जवळ आले, आणि अश्विनीने पोरीला कडेवर घेतलं. जाताना ती पोर आईच्या खांद्यावरून मागे वळून पाहत होती. फोटोकडे नव्हे, खिडकीकडे. भिंतीमागे अंधार होता, तिथून काही दिसणं शक्य नव्हतं; तरी ती दाराबाहेर जाईपर्यंत डोळ्याची पापणी न हलवता तिकडेच पाहत राहिली.

त्या दिवसापासून मंगलाबाईंचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. पुढच्या वेळी समोर जायचंच, असं त्या रोज ठरवत, आणि नेमकी ती वेळ हुके. एकदा नटीची साडी फाटली म्हणून त्यांना बोलावणं आलं. एकदा त्या खिडकीमागे थांबल्याही, पण खुर्चीत बसल्याबसल्या भर दुपारी त्यांचा डोळा लागला. जाग आली तेव्हा ताजा गजरा फोटोवर होता आणि किरण त्यांचा खांदा हलवत होती.

"मंगलाबेन, तबियत ठीक नथी? कितनी देर से बुला रही हूँ."

"काही नाही गं, जरा झोप लागली."

"आँखें तो खुली थीं आपकी," किरण म्हणाली. ती चांगल्या मनाची मुलगी होती. तिने चहा आणून दिला आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

होळीच्या सुमारास मालिकेत बापाने दुसरं लग्न केलं. नव्या बायकोने दिवाणखान्यातला पहिलीचा फोटो काढून टाकला, असं दृश्य झालं आणि खरोखरच त्या फोटोचं काम संपलं. संध्याकाळी मंगलाबाई भाईदासकडे गेल्या. चौकट मला दे, घरी नेते, असं त्यांना सांगायचं होतं. भाईदास रिकाम्या खिळ्याकडे बघत म्हणाला, "तो तर गया ना. दुपारले तुनी पोर लई गयी. मारुतीनी सोडी तिले आतमा. माय ना फोटो शे, लेक नही लई जाई तर कोन लई जाई?"

"तुले कोनी सांगं ती मनी पोर शे म्हनीसन?"

"तूच तर सांगं," भाईदास म्हणाला. "तू तिना संगे फाटकलोंग गयी. मी दखं ना."

त्या दुपारी मंगलाबाई कुठे होत्या हे त्यांनी आठवून पाहिलं. कपड्यांच्या खोलीत होत्या. इस्त्री तापत ठेवली होती. इस्त्री तापत ठेवल्यावर पुढे काय केलं, ते मात्र त्यांना त्या रात्री आणि नंतरही, कितीही ताण दिला तरी, आठवलं नाही.

चौथ्या दिवशी शूटिंगला सुट्टी होती. आता आणखी वाट पाहायची नाही, असं ठरवून त्यांनी आदल्या दोन दिवसांत नातीसाठी एक झबलं शिवलं. लग्नाच्या दृश्यातल्या पोपटी कापडाचा तुकडा उरला होता, त्याला त्यांनी राणी रंगाची गोट लावली. माप नव्हतं, पण फळीवर बसलेली ती पोर डोळ्यांपुढे होती आणि नजरेने माप घ्यायचा हात अजून गेला नव्हता. सकाळी आंघोळ करून त्या निघाल्या. रिक्षात शेजारच्या बाईने त्यांना सरकून बसायला सांगितलं, रिक्षावाल्याने सुट्टे मागितले, चलथाणच्या फाट्यावर उसाच्या ट्रॅक्टरखाली येता येता त्या वाचल्या आणि ट्रॅक्टरवाल्याने शिवी दिली. कारखान्याच्या धुरांड्यातून धूर निघत होता, मळीचा आंबूस वास सगळीकडे भरला होता. कामगारांच्या वस्तीत त्यांनी पहिल्याच बाईला शुभमचं घर विचारलं. बाईने बोट दाखवलं, आणि मग त्या पुढे गेल्यावर हातातली बादली तशीच धरून ती मागे बघत उभी राहिली.

दार अश्विनीने उघडलं. कडी काढण्याच्या त्या क्षणासाठी मंगलाबाईंनी रस्ताभर शब्द जुळवले होते. ती रडेल, ती दार लावून घेईल, ती गळ्यात पडेल. अश्विनीने यातलं काहीच केलं नाही.

"या," ती बाजूला होत म्हणाली. "बसा."

लेकीने जन्मात त्यांना अहो-जाहो केलं नव्हतं. शुद्ध, कोरी मराठी बोलली होती ती, शाळेत बाईंशी बोलावी तशी. मंगलाबाई आत जाऊन भिंतीला टेकून बसल्या. समोरच्या भिंतीवर सोनेरी चौकटीत मोतिया साडीतल्या त्या स्वतः होत्या, गळ्यात निशिगंधाचा गजरा, खाली निरांजन. अश्विनीने पाण्याचा पेला भरून आणला आणि त्यांच्या हातात न देता समोर फरशीवर ठेवला. मग दोन हात अंतर सोडून बसली. मधल्या दाराच्या पडद्याखाली दोन लहान पावलं दिसत होती.

"अश्विनी," त्या म्हणाल्या.

"ऐकतेय मी."

"माझं चुकलं, बाई. रागाच्या भरात बोलले. तू पुन्हा हाक मारली असतीस तर मी दार उघडलं असतं."

"हो," अश्विनी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, फार दिवस आजाऱ्यापाशी बसलेल्या माणसाचा शिणवटा होता. "दर वेळी सांगता तुम्ही ते."

"कधी सांगितलं मी?"

अश्विनीने उंबऱ्याकडे पाहिलं. मंगलाबाईंनी पिशवीतून झबलं काढलं आणि पुढे केलं. ते मात्र तिने हातात घेतलं, उलटून शिवण पाहिली, गोटेवरून अंगठा फिरवला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती उठली, कोपऱ्यातलं लोखंडी कपाट तिने उघडलं, आणि खालच्या खणात ते झबलं ठेवलं.

खण भरलेला होता. पोपटी कापड, राणी रंगाची गोट. सगळ्यांत खाली तान्ह्या पोराच्या अंगाचं, त्यावर थोडं मोठं, त्यावर आणखी थोडं मोठं. नीट घड्या करून रचलेली आठ-दहा झबली. सगळ्यांच्या गळ्याशी तो उलटा टाका होता, जो मंगलाबाईंच्या आईने त्यांना शिकवला होता आणि त्यांनी दुसऱ्या कुणालाही शिकवला नव्हता. एकही झबलं अंगात घातलेलं दिसत नव्हतं.

अश्विनीने कपाट लावलं. मंगलाबाईंना तहान लागली होती, पण पेल्याकडे हात नेववेना. किती वेळ गेला ते कळलं नाही. कारखान्याचा भोंगा झाला तेव्हा त्या भिंतीला धरून उठल्या आणि दाराशी जाऊन, कुठल्याही घरातून निघताना बाईमाणूस म्हणतं तसं, "येते" म्हणाल्या.

पडदा हलला. पोर बाहेर आली होती. आईच्या साडीची कड मुठीत धरून ती वर, थेट मंगलाबाईंच्या तोंडाकडे बघत होती.

अश्विनीने चटकन तळहाताने तिचे डोळे झाकले. मग आईच्या जवळ येऊन, मघाची कोरी मराठी सोडून त्यांच्या घरच्या बोलीत, कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाली,

"आते येत नको जाऊ, माय. पोर मोठी व्हई राहिनी. तिलेबी दिसाले लागनी तू."